पुकारा होईपर्यंत उभं राहायची जागा

न्यायालयाच्या नव्या इमारतीचं काम आमच्याकडे आलं, त्यासोबत एक जाड फाइल आली. नाडी बांधलेली, कडा मळलेल्या. आत मागणीपत्रकं होती. एकाच आवारात न्यायालय आणि सहा सरकारी कार्यालयं बसवायची होती आणि 'आपल्या विभागास किती जागा लागेल ते कळवावे' असं प्रत्येकाला विचारून झालेलं होतं. उत्तरंही सह्या-शिक्क्यांनिशी आलेली. वास्तुविशारद म्हणून मला तेव्हा सात वर्षं झाली होती, पण न्यायालय पहिलंच. मला वाटलं, निम्मं काम झालंच आहे. बेरीज मारायची, भिंती-जिने-व्हरांड्यांसाठी थोडं वर धरायचं आणि नकाशाला बसायचं.

बेरीज मारली. जेवढं बांधायचं ठरलं होतं त्याच्या पावणेदोनपट आली, तीही व्हरांडे धरायच्या आधी.

मग मागणीपत्रकं दुसऱ्यांदा वाचली, जरा संशयानं. सहा कार्यालयांनी सहा सभागृहं मागितली होती, प्रत्येकी ५० माणसांचं. मी एकेकाला गाठून विचारलं, मागच्या महिन्यात ५० माणसं कितीदा जमली? एकाकडे दोनदा जमली होती. एकाकडे वर्षातून एकदा जमतात. बाकीच्यांचं उत्तर एकच, "लागतं हो मॅडम, अधूनमधून." कर्मचाऱ्यांचे आकडे तर तीन तऱ्हांचे. एका कार्यालयात मंजूर पदं १८, भरलेली ११, आणि दुपारी तीन वाजता मी स्वतः जाऊन मोजलं तर टेबलामागे सात माणसं. बाकीची कुणी दौऱ्यावर, कुणी तपासणीला, कुणी साक्षीला. यातल्या कुठल्या आकड्याला खुर्ची द्यायची? मंजूर आकडा धरला तर रिकाम्या खोल्या बांधल्या जातात. हजर माणसं धरली तर भरती झाली की लोक जिन्यात बसतात. शेवटी बैठ्या कामाच्या पदांना आम्ही मंजूर आकडा लावला, आणि फिरतीच्या पदांना दोघांत एक टेबल, पण प्रत्येकाला स्वतःचं कुलपाचं कपाट. टेबल वाटून घ्यायला लोक तयार होतात, कपाट वाटून घ्यायला नाहीत, हे मला तिथे कळलं.

केबिनींबद्दल फार लिहीत नाही. केबिन कामावरून ठरत नाही, हुद्द्यावरून ठरते, आणि खिडकी केबिनला लागते. परिणाम असा की दिवसातले चार तास बाहेर असणाऱ्या साहेबांना उजेड आणि दिवसभर फाइलीत डोकं घालून बसणाऱ्या कारकुनाला ट्यूबलाइट. केबिनी मधल्या बाजूला घेऊन काचेच्या करू, असं मी सुचवलं. दोन कार्यालयांनी मान्य केलं, चारांनी हसून विषय बदलला.

फाइलमध्ये एक गोष्ट कुठेच नव्हती आणि ते लक्षात यायला मला आठवडा लागला. वाट पाहणाऱ्या माणसांसाठी कुणीच जागा मागितली नव्हती. न्यायाधीशांची दालनं होती, वकिलांची बार रूम होती, सरकारी वकिलांचं कार्यालय, नाझर (कोर्टाच्या पैशांचा हिशेब पाहणारे), नक्कल विभाग, मुद्देमालाची खोली, वाहनतळ, सगळं होतं. पक्षकारांच्या नावानं सगळ्या फाइलीत एक ओळ: 'बाके – आवश्यकतेनुसार.' साहजिकच आहे म्हणा. मागणीपत्रक ज्याला टेबल आहे तोच भरतो.

आमच्या कार्यालयातल्या वरिष्ठांना मी हे दाखवलं. ते म्हणाले, "फाइल ठेव बाजूला. वही घे आणि तीन दिवस जुन्या इमारतीत जाऊन उभी राहा. बसू नकोस, उभी राहा."

जुन्या इमारतीचा व्हरांडा दोन मीटर दहा सेंटिमीटर रुंद. त्याला लागून ओळीनं न्यायकक्ष. मी आणि आमच्याकडचा एक शिकाऊ मुलगा दर १५ मिनिटांनी माणसं मोजायचो: कक्षाच्या आत किती, दारापाशी किती, बाकावर किती, जिन्यात किती. एका कक्षाच्या बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या यादीत, त्या दिवशी ८४ प्रकरणं होती. आत बसायला २४ खुर्च्या, त्यातल्या निम्म्या वकिलांनी भरलेल्या. कामकाज सुरू व्हायच्या वेळेला दाराबाहेर ६८ माणसं. दुपारनंतर तोच आकडा १५ वर. म्हणजे सरासरी काढली असती तर सगळं आलबेल दिसलं असतं. पण सरासरीएवढी माणसं कुठल्याच वेळी तिथे नसतात. ८४ प्रकरणांच्या लोकांना सकाळची एकच वेळ दिलेली असते, कारण कुठलं प्रकरण किती वेळ खाईल हे कुणालाच माहीत नसतं आणि न्यायाधीशांचा वेळ मात्र फुकट जाता कामा नये.

पहिल्या दिवशी मला एक गोष्ट कळेना. व्हरांड्याच्या टोकाला चांगले बाक होते, पंख्याखाली, आणि ते अर्धे रिकामे. माणसं मात्र दाराशी चेंगरून उभी. काठी टेकून उभ्या असलेल्या एका आजोबांना मी म्हटलं, "तिकडे बसा ना आजोबा, जागा आहे."

"तिकडून ऐकू येत नाही बाई."

"काय ऐकू येत नाही?"

"नाव. शिपाई तीनदा पुकारतो. नाही गेलो तर गेलं."

गेलं म्हणजे काय, हे मी नंतर एका वकिलांना विचारलं. वादी हजर नसेल तर दावा काढून टाकला जाऊ शकतो, प्रतिवादी नसेल तर एकतर्फी चालू शकतो, जामिनावरचा आरोपी नसेल तर वॉरंट निघू शकतं. आजोबांची भीती अगदी हिशेबी होती. बाक कितीही आरामशीर असो, पुकारा ऐकू येणाऱ्या अंतराच्या पलीकडे तो असेल तर त्याचा उपयोग शून्य. वहीत मी त्या रात्री लिहिलं: 'प्रतीक्षा दारापासून सात-आठ मीटरच्या आत.' फ्रेंच लोक न्यायालयातल्या मोठ्या प्रतीक्षा दालनाला 'हरवलेल्या पावलांचं दालन' म्हणतात. नाव फार सुंदर आहे. पण आमच्याकडची पावलं हरवत नव्हती, ती एकाच फरशीवर तासन्‌तास खिळलेली होती.

दुसऱ्या दिवशीचं दृश्य मी अजून विसरलेले नाही. एका बाकावर एक बाई आणि तिची मुलगी बसली होती. मुलगी सोळा-सतराची असेल. तिच्या शेजारी, मध्ये एक पिशवी ठेवण्याएवढं अंतर सोडून, तीन पुरुष येऊन बसले. ते काही बोलले नाहीत. नुसते बसले. मुलगी उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिची साक्ष होईपर्यंत दोन तास तशीच उभी होती. ते तिघे आरोपीचे भाऊ होते, हे मला तिथल्या महिला पोलीस शिपायाकडून कळलं. "रोजचंच आहे मॅडम," त्या म्हणाल्या. "धमकी द्यायला बोलावं लागतं थोडंच."

न्यायालयाच्या रचनेचा पाया कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतो: तीन वाटा वेगळ्या ठेवा. लोकांची एक, न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांची एक, कोठडीतून आणलेल्या आरोपींची एक. तिन्ही वाटा फक्त न्यायकक्षात भेटतात. तिन्हींचे जिने वेगळे, लिफ्ट वेगळ्या, दारं वेगळी. दोन न्यायकक्षांच्या मध्ये एक छोटी कोठडी ठेवायची, तिच्यात थेट खालून लिफ्ट आणायची, म्हणजे बेड्या घातलेला माणूस व्हरांड्यातून जातच नाही. हे सगळं मला वाचून माहीत होतं. साक्षीदाराची म्हणून चौथी वाट मात्र मी स्वतःहून काढली नसती. लोकांच्या वाटेवर सगळे लोक सारखेच, असं मी गृहीत धरलं होतं.

मग आम्ही प्रत्येक मजल्यावर असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी खोली काढली, तिला मागून न्यायकक्षात जायला दार दिलं. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. नकाशा घेऊन मी त्याच महिला पोलिसांकडे गेले. त्यांनी तो उलटा धरला, मग सुलटा केला, बोट फिरवत त्या मुलीला खालच्या दारापासून खोलीपर्यंत चालवत आणलं आणि विचारलं, "आणि हिला बाथरूमला जायचं असेल तर?"

स्वच्छतागृह व्हरांड्याच्या टोकाला होतं. लोकांचं. सगळ्यांचं. दोन तास डरून बसलेली मुलगी पाच मिनिटांसाठी नेमकी त्या तिघांसमोरून गेली असती. खोलीला जोडून स्वच्छतागृह दिलं. एका मजल्यावर साडेतीन चौरस मीटर वाढले. नंतर कपातीच्या प्रत्येक बैठकीत या साडेतीन मीटरांवर लाल पेन फिरलं आणि प्रत्येक वेळी मी ते वाचवले.

जुनं रेकॉर्ड हा दुसरा धडा. अभिलेख कक्षासाठी मागणी होती 'दोन मोठ्या खोल्या'. मोठ्या म्हणजे केवढ्या? सांभाळणारे भाऊसाहेब निवृत्तीला आलेले, स्वभावानं तिरसट पण कामात चोख. ते म्हणाले, "मोजून कोण बघतंय?" मी टेप काढली. मांडणीवर उभ्या असलेल्या गठ्ठ्यांची लांबी मोजत गेले. जमिनीवर रचलेले, कपाटांवर चढवलेले, जिन्याखाली कोंबलेले, सगळे धरून ११४० मीटर भरले. एक किलोमीटरहून जास्त कागद. नव्वद सेंटिमीटर रुंद, सहा कप्प्यांची मांडणी घेतली तर एका मांडणीत पाच मीटर चाळीस बसतात, म्हणजे २१२ मांडण्या. मधून जायच्या वाटेसकट साधारण १६० चौरस मीटर. आणि दरवर्षी नवीन भर. नष्ट करायच्या गठ्ठ्यांची यादी निघते, पण त्यावर सही करायला कुणी धजत नाही, असं भाऊसाहेबांनीच सांगितलं.

रुळांवर सरकणारी कपाटं घेतली तर जागा जवळजवळ निम्मी होते. हे ऐकून सगळे खूश झाले. आमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर तेवढे झाले नाहीत. साध्या कार्यालयाचा स्लॅब चौरस मीटरला अडीचशे ते चारशे किलो वजन धरून केलेला असतो. सरकत्या कपाटांखाली तो आकडा एक टनाच्या घरात जातो. वरच्या मजल्यावर ठेवायचं तर खांब-तुळया जाड. तळघरात ठेवायचं तर पाणी शिरायची भीती. जमिनीच्या पातळीवर ठेवायचं तर लोकांना लागणारी सगळ्यात मोक्याची जागा कागद खाणार. आम्ही जोतं उंच घेतलं आणि मागच्या बाजूला, जिथे तसाही उजेड कमी, तिथे रेकॉर्ड ठेवलं. मुद्देमालाची खोली त्याला लागून. मुद्देमाल म्हटलं की मला कपाटातली सीलबंद पाकिटं डोळ्यांसमोर यायची. प्रत्यक्षात आवारात गंजलेल्या मोटारसायकली होत्या, एक अख्खी लाकडी चौकट होती, आणि कुठल्याशा खटल्यातलं शिवणयंत्र. खटला संपेपर्यंत यातलं काही हलवता येत नाही.

आता माझी चूक. जाण्या-येण्याच्या वाटा, भिंती, जिने, नळ-तारांचे उभे मार्ग यांसाठी कामाच्या जागेवर किती टक्के वाढवायचे, हा क्षेत्रफळाच्या तक्त्यातला सगळ्यात साधा दिसणारा आकडा. मी २५ धरले होते, कारण आधीच्या कार्यालयांच्या इमारतींना तेवढे पुरले होते. न्यायालयाला पुरत नाहीत. तीन वाटा वेगळ्या म्हणजे व्हरांडे तिप्पट नसले तरी दुप्पट होतात, लिफ्टचे संच तीन होतात. अमेरिकेतल्या फेडरल न्यायालयांच्या इमारतींना एकूण बांधकामातली ६७ टक्के जागा कामाची निघावी, असं प्रमाण धरतात. म्हणजे १०० चौरस मीटर कामाच्या जागेमागे जवळजवळ १५० बांधावे लागतात. मला हे कळलं तेव्हा तक्ता वर गेलेला होता. तो परत मागवून घेताना जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच सुमारास २० वर्षांनंतर किती न्यायकक्ष लागतील यावर वाद पेटला. आत्ता आठ होते. मागणी चौदांची होती. वाढत्या खटल्यांचा आलेख काढून तो तसाच पुढे ओढला होता. मी बैठकीत अमेरिकेच्याच सरकारी लेखापरीक्षकांचा २०१० चा अहवाल नेला. २००० सालापासून बांधून पूर्ण झालेल्या ३३ फेडरल न्यायालयांच्या इमारतींत मिळून ३५ लाख ६० हजार चौरस फूट जागा जास्तीची निघाली होती. मंजुरीपेक्षा मोठं बांधकाम हे एक कारण, न्यायकक्ष दोघांत वापरायचा विचार न करणं हे दुसरं, आणि तिसरं न्यायाधीशांच्या संख्येचा चुकलेला अंदाज: आखणीला दहा वर्षं उलटून गेलेल्या २८ इमारतींपैकी २३ मध्ये अंदाजापेक्षा कमी न्यायाधीश बसत होते. एक ज्येष्ठ न्यायाधीश अहवाल चाळत म्हणाले, "तिकडे जास्त बांधलं म्हणून इकडे कमी बांधायचं का? आमच्याकडे तर न्यायाधीश आहेत आणि कक्ष नाहीत." त्यांचंही खरं होतं. त्यांच्या हाताखालचे दोन न्यायाधीश एकच कक्ष सकाळ-दुपार वाटून घेत होते.

तोडगा असा निघाला: दहा न्यायकक्ष पूर्ण बांधायचे. आणखी चारांची जागा त्याच मजल्यांवर, त्याच खांबांच्या अंतरानं, त्याच उंचीनं ठेवायची, पण आत्ता तिथे सरकारी कार्यालयं बसवायची. उद्या कक्ष लागले की कार्यालयं दुसरीकडे हलतील. कागदावर हे सोपं. पण न्यायकक्षाला मधे खांब चालत नाही आणि उंची कार्यालयापेक्षा बरीच जास्त लागते, म्हणजे ज्या कार्यालयाला सव्वातीन मीटर उंची पुरली असती त्याला आज साडेचार मिळणार. ते कारकून वर बघून म्हणणार, एवढं छत उंच कशाला? कोठडीच्या लिफ्टचा उभा पोकळ मार्गही आत्ताच सोडून ठेवला, भिंत घालून बंद. नंतर स्लॅब फोडून लिफ्ट घालता येत नाही.

या सगळ्यात मला मनापासून आवडलेले दोन दिवस म्हणजे नमुन्याचे. एका रिकाम्या गोदामात आम्ही जमिनीवर चिकटपट्ट्या लावून न्यायकक्ष आखला आणि प्लायवूडचे पाट, खोकी, जुनी टेबलं वापरून अख्खा उभा केला. न्यायाधीश, वकील, लघुलेखक, कोर्ट शिपाई, सगळ्यांना बोलावलं आणि खोटा खटला चालवायला सांगितला. आरोपीच्या पिंजऱ्यात आमचा शिकाऊ मुलगा.

वाद होता तो न्यायाधीशांच्या मंचाच्या उंचीचा. मागणी होती ७५ सेंटिमीटरची. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १२० सेंटिमीटरवर असतात, उभ्या माणसाचे १५५-१६० वर. मंच ४५ केला तर बसलेल्या न्यायाधीशांचे डोळे १६५ वर येतात, उभ्या वकिलाच्या डोळ्यांच्या किंचित वर. तेवढं पुरतं. ७५ केला तर ते वकिलाच्या टाळूकडे बघतात. हे मी चित्र काढून दोनदा सांगितलं होतं, उपयोग झाला नव्हता. गोदामात न्यायाधीश ७५ च्या मंचावर चढून बसले, समोर संगणकाचा पडदा ठेवला, शेजारी खाली साक्षीदार उभा केला. दोन मिनिटांनी ते म्हणाले, "साक्षीदाराचा चेहरा दिसत नाही." पडद्याची कड आणि टेबलाची कड मिळून बरोबर त्याच्या तोंडावर येत होती. समोर खाली बसलेली लघुलेखक म्हणाली, "मला साहेब दिसत नाहीत, नुसता आवाज येतो. ओठ दिसले नाहीत तर अर्धे शब्द चुकतात." मंच ४५ वर आला. चाकाच्या खुर्चीवरच्या न्यायाधीशांसाठी त्याला उतार द्यायचा म्हणजे एकास बाराच्या प्रमाणानं पाच मीटर चाळीस लांबी लागते, ती कक्षात मावत नाही. म्हणून न्यायाधीशांच्या वाटेची फरशीच मागे ४५ सेंटिमीटर उंच घेतली. आता तिकडून येणारा माणूस सपाट चालत मंचावर येतो. साक्षीदाराच्या जागेत खुर्ची फिरायला दीड मीटरचा मोकळा गोल ठेवला.

गोदामात आवाज घुमत होता आणि त्यावरून चंडीगढच्या उच्च न्यायालयाची गोष्ट निघाली. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदानं काँक्रीटचे भव्य न्यायकक्ष केले, आणि घुमणारा आवाज शोषायला प्रत्येक कक्षात भिंतभर गालिचा टांगला. ते गालिचेही त्यानंच रेखाटले होते. समितीतल्या एकांना फ्रान्समधल्या बोर्दोचं न्यायालय फार आवडलं होतं, वास्तुविशारद रिचर्ड रॉजर्सनं १९९८ मध्ये पूर्ण केलेलं. काचेमागे लाकडी पिंपांसारखे सात न्यायकक्ष उभे आहेत. "असं काही पारदर्शक करा." मला पॅरिसचं जास्त कामाचं वाटलं. तिथे वास्तुविशारद रेन्झो पिआनोनं १६० मीटर उंच इमारत केली, पण ९० न्यायकक्ष खालच्या रुंद भागातच ठेवले आणि वरच्या मनोऱ्यात कार्यालयं. गर्दीला लिफ्टची वाट पाहायला लावायची नाही, हा साधा हिशेब त्यामागे आहे. आम्ही तेवढं उचललं: जास्त बोर्डाचे कक्ष खालच्या दोन मजल्यांवर, निवांत चालणारे वर.

दारापाशी उभ्या राहणाऱ्यांसाठी मी काय केलं ते राहिलंच. प्रत्येक न्यायकक्षाच्या दाराला लागून व्हरांड्याच्या पोटात एक कोनाडा घेतला, तीन मीटर खोल, बाकांसकट. व्हरांडा दोन मीटर चाळीस वेगळा. म्हणजे माणसं पुकारा ऐकू येईल अशी उभी राहणार आणि वाट मोकळी राहणार. मोठं प्रतीक्षा दालन खाली होतंच, चालू असलेल्या प्रकरणाचा क्रमांक दाखवणारे पडदे लावलेलं.

मग कपात आली. एकूण क्षेत्रफळातून ११ टक्के काढायचे होते. त्या बैठकीत प्रत्येक चौकोनाला एक पालक होता. बार रूमवर बोट ठेवलं की वकील बोलायचे, केबिनवर ठेवलं की साहेब. सभागृहं सहाची दोन झाली, तेवढं बरं झालं. तरीही पुरेना. कुणीतरी म्हणालं, "हे कोनाडे कसले? खाली एवढं दालन आहे, पडदे आहेत." कोनाडे तीन मीटरचे एक ऐंशी केले तर दहा दारांपाशी मिळून चांगलीच जागा सुटत होती आणि एक जास्तीचं दालन बसत होतं. मी विरोध केला. आजोबांची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी ऐकून घेतली. साक्षीदाराचं स्वच्छतागृह वाचवायचं होतं, रेकॉर्डचं जोतं वाचवायचं होतं. सगळ्यावर अडून बसता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि बदललेल्या नकाशावर सही केली.

इमारत सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी गेले, गर्दीच्या वेळेला मुद्दाम. साक्षीदारांच्या खोलीचं दार बंद होतं आणि बाहेर 'आत व्यक्ती आहे' अशी पाटी उलटवलेली होती. भाऊसाहेबांच्या जागी आलेल्या मुलीनं सरकती कपाटं हौसेनं सरकवून दाखवली. खालचं प्रतीक्षा दालन प्रशस्त, स्वच्छ आणि जवळजवळ रिकामं. पडद्यावर २३ वा क्रमांक दिसत होता. वर गेले तर आत ३१ वा चालू होता. मधली प्रकरणं वकील हजर नव्हते म्हणून मागे ठेवली होती आणि पडद्याचं बटण दाबायचं राहिलं होतं.

पाचव्या न्यायकक्षाच्या दारापाशी ४१ माणसं होती. कोनाडा भरलेला, आणि त्याच्या पुढे व्हरांड्यात कुणीतरी खालून उचलून आणलेला एक बाक. मी टेप काढून भिंतीपासून गर्दीच्या शेवटच्या माणसाच्या चपलेपर्यंत मोजलं. तीन मीटर भरले, दोन-चार सेंटिमीटर इकडे-तिकडे. उरलेल्या एक मीटर वीसमधून शिपाई फाइलींची ढकलगाडी काढत होता आणि प्रत्येकाला म्हणत होता, "जरा आत सरा, आत सरा." माणसं मागे बघत होती. मागे कोनाड्याची भिंत होती.